लिनक्स कर्नलच्या चाव्या फिरवण्याआधी

१६ जीबी रॅमच्या लिनक्स मशीनवरून दोन जीबीचा एखादा व्हिडिओ साध्या, स्वस्त पेन ड्राइव्हवर कॉपी करून बघा. हिरवी पट्टी भरभर सरकते आणि काही सेकंदांत शंभर टक्के होते. आपण पेन ड्राइव्ह काढायला जातो तर मशीन म्हणतं, थांबा, अजून लिहिणं चालू आहे. एक मिनिट जातं, दोन जातात, तीन जातात. तेवढ्या वेळात कधी कधी ब्राउझरही अडखळायला लागतो. पेन ड्राइव्हच खराब आहे असं समजून तो बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

पेन ड्राइव्हचा दोष नसतो. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या प्रोग्रामने, तुमचा व्हिडिओ आधी रॅममध्ये ठेवून घेतला, कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ‘झालं’ म्हणून सांगितलं आणि मग सावकाश तो पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतला. पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल तर दोन जीबीला साडेतीन मिनिटं लागणारच. किती माल रॅममध्ये ठेवून घ्यायचा आणि तो कधी खाली उतरवायचा, याचे आकडे कर्नलमध्ये असतात आणि ते आपल्याला बदलता येतात. असे शेकडो आकडे आहेत. वेग, बिघाडातून सावरणं आणि सुरक्षा या तिन्ही गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात, आणि बऱ्याचदा एकीकडे ओढलं की दुसरीकडे कमी पडतं.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली ज्याची घोषणा केली ते लिनक्स म्हणजे खरं तर फक्त कर्नल. उबुंटू, फेडोरा, डेबियन हे त्याभोवती उभे केलेले संसार. गावात पाणी सोडणारा चावीवाला असतो ना, तसं कर्नलचं काम आहे. प्रोसेसरचा वेळ, रॅम, डिस्क, नेटवर्क हे सगळं मोजकं असतं आणि मागणारे प्रोग्राम पुष्कळ. कोणत्या आळीत किती वेळ पाणी सोडायचं हे चावीवाला ठरवतो. पण त्याला तुमची आळी माहीत नसते. कर्नलचे डिफॉल्ट आकडे हे अनोळखी मशीनसाठी दिलेलं बऱ्यापैकी उत्तर असतं. तेच कर्नल कोणाच्या खिशातल्या फोनमध्ये, कोणाच्या सर्व्हरवर आणि कोणाच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. तुमचं मशीन नक्की काय काम करतं हे तुम्हालाच माहीत असतं, म्हणून चावी तुमच्या हातात दिलेली आहे.

या चाव्या रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमधल्या ‘प्रॉक’ फोल्डरच्या आत ‘सिस’ या फोल्डरमध्ये फायलींच्या रूपात दिसतात. त्या डिस्कवरच्या खऱ्या फायली नाहीत. फाइल उघडली की कर्नल त्या क्षणी आपल्या पोटातला आकडा वाचून दाखवतं. तिथे लिहिलं की तो आकडा तत्क्षणी बदलतो. हेच काम सोयीने करणारी कमांड म्हणजे सिसकंट्रोल. तिच्या स्पेलिंगमध्ये ‘सिस’पुढे नुसतं सी-टी-एल येतं. (इथे सगळी नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांत, जोडशब्दांत अंडरस्कोर घालून लिहायची.) ‘सुडो सिसकंट्रोल व्हीएम.स्वॅपिनेस=२०’ असं म्हटलं की बदल लागू. मशीन रीबूट केलं की बदल गेला. हे विसरून जाणं मला नवशिक्यासाठी वरदान वाटतं. चुकलं तर बंद करून चालू करा, पहिल्यासारखं. बदल कायम ठेवायचा तर ‘ईटीसी’मधल्या ‘सिसकंट्रोल.डी’ फोल्डरमध्ये डॉट कॉन्फ नावाची फाइल करून त्यात ओळ लिहायची. या फायली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोनदा आलं तर नंतरचं टिकतं. म्हणून लोक आपल्या फाइलच्या नावाआधी ९९ लावतात.

आता पेन ड्राइव्हकडे परत येऊ.

किराणा दुकानदार दिवसभर उधारी कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री निवांत खतावणीत चढवतो. गिऱ्हाइकाला दारात उभं ठेवून प्रत्येक वेळी खतावणी उघडत बसला तर दुकान चालायचं नाही. कर्नल तेच करतं. रॅममध्ये आलेला पण अजून डिस्कवर न चढलेला डेटा म्हणजे कच्ची वही. कर्नलच्या भाषेत ही ‘डर्टी’ पानं (पान म्हणजे रॅमचा छोटा, ठरावीक मापाचा तुकडा). दोन मर्यादा असतात. व्हीएम.डर्टी बॅकग्राउंड रेशो, डिफॉल्ट १०: वापरता येण्याजोग्या रॅमच्या १० टक्के पानं डर्टी झाली की मागच्या मागे उतरवायला सुरुवात. व्हीएम.डर्टी रेशो, डिफॉल्ट २०: इथपर्यंत पोचलं की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून ठेवलं जातं, आधीचं उतरू दे, मग पुढचं. शिवाय कोणतंही पान साधारण ३० सेकंदांहून जुनं झालं की ते उतरवायला घेतात, आणि हे तपासायला कर्नल दर ५ सेकंदांनी उठतं.

हे टक्क्यांचे आकडे रॅम फार नव्हती त्या काळात ठरले. ५१२ एमबीच्या मशीनवर २० टक्के म्हणजे जेमतेम १०० एमबी. ६४ जीबीच्या मशीनवर तेच २० टक्के १२ जीबीच्या पुढे जातात आणि एवढी कच्ची वही खतावणीत चढवायची तर संथ हार्ड डिस्कला मिनिटं लागतात. म्हणून आता टक्क्यांऐवजी थेट बाइट्स सांगायची सोय आहे: व्हीएम.डर्टी बाइट्स आणि व्हीएम.डर्टी बॅकग्राउंड बाइट्स. घरच्या लॅपटॉपवर मी पहिल्याला २५६ एमबी आणि दुसऱ्याला ६४ एमबी देतो, अर्थात आकडा बाइट्समध्ये लिहून. एक दिलं की त्याच्या जोडीचं टक्केवारीवालं आपोआप शून्य होतं, घाबरू नका. पेन ड्राइव्हची पट्टी आता खऱ्या वेगाने सरकते. काम लवकर होत नाही, पण पट्टी खरं बोलते आणि बाकीचं मशीन अडकत नाही.

याची दुसरी बाजू आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत जास्त जाणवते. लाईट गेली आणि यूपीएस नसला तर कच्च्या वहीत असलेलं सगळं जातं. जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) असलेली ईएक्सटी४ सारखी फाइल सिस्टिम असेल तर डिस्कची रचना शाबूत राहते, पण शेवटच्या अर्ध्या मिनिटातला मजकूर जाऊ शकतो. चांगले डेटाबेस यासाठी कर्नलच्या सोयीवर विसंबत नाहीत. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीनंतर ते एफसिंक म्हणून ‘आत्ताच्या आत्ता खतावणीत चढव’ असं बजावतात. साधे प्रोग्राम तसं करतीलच असं नाही. जिथे वीज भरवशाची नाही तिथे ३० सेकंदांचे १० करणं मला शहाणपणाचं वाटतं. सेटिंगचं नाव व्हीएम.डर्टी एक्स्पायर सेंटिसेक्स. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणून डिफॉल्ट ३००० दिसेल, त्याचे १००० करायचे. याउलट मोठ्या बॅटरीच्या आधाराने चालणाऱ्या आणि सतत लिहिणाऱ्या सर्व्हरवर मोठी कच्ची वहीच परवडते, कारण एकाच पानावर दहा वेळा झालेला बदल डिस्कवर एकदाच जातो.

स्वॅपिनेसबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कोणत्याच सेटिंगबद्दल नसतील. डिफॉल्ट ६०. ‘६० टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू होतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि ते साफ चूक आहे.

अभ्यासाचं टेबल डोळ्यांसमोर आणा. त्यावर ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं आहेत आणि तुम्ही स्वतः काढलेल्या टिपणवह्या आहेत. टेबल भरलं, जागा करायची आहे. पुस्तक परत करता येतं, लागलं तर पुन्हा आणता येतं. वही फेकता येत नाही, ती माळ्यावरच ठेवावी लागते. फायलींचा कॅशे (रॅममध्ये ठेवलेल्या त्यांच्या प्रती) म्हणजे पुस्तकं, प्रोग्रामची स्वतःची मेमरी म्हणजे वह्या आणि स्वॅप (रॅममधला माल हलवायला सहसा डिस्कवर राखलेली जागा) म्हणजे माळा. जागा करायची वेळ आली की आधी पुस्तकं परत करायची की वह्या माळ्यावर टाकायच्या, याचा कल सांगणारा आकडा म्हणजे स्वॅपिनेस. टेबल किती भरल्यावर आवरायला घ्यायचं, याच्याशी त्याचा संबंध नाही. १०० म्हणजे दोन्हींची किंमत सारखी धरा. ६० म्हणजे माळ्यावर चढणं जरा महाग धरा. २०२० साली आलेल्या ५.८ कर्नलपासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. तो कशासाठी? झेडरॅम वापरत असाल तर माळा रॅममध्येच असतो, वह्या दाबून घट्ट बांधून ठेवल्या जातात. तिथे चढणं डिस्कवरून फाइल पुन्हा आणण्याहून स्वस्त. तेव्हा १०० च्या वरचा आकडा बरोबर ठरतो.

शून्य करून टाका असा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही. शून्यावर कर्नल अगदी गळ्याशी येईपर्यंत वह्यांना हात लावत नाही, सारखी पुस्तकंच परत करत राहतं. तुम्ही चालवत असलेल्या प्रोग्रामचा कोडसुद्धा फाइलच असतो, म्हणजे पुस्तकच. तो बाहेर जातो, लगेच परत आणावा लागतो, पुन्हा बाहेर जातो. स्वॅप जवळजवळ वापरलेलाच नाही आणि डिस्कचा दिवा मात्र अखंड जळतोय, हे दृश्य त्यातूनच येतं.

तुमच्या मशीनला त्रास आहे की नाही हे आधी बघावं. व्हीएमस्टॅट ही कमांड एक सेकंदाच्या अंतराने चालवा आणि एसआय व एसओ हे दोन रकाने पाहा: माळ्यावरून आत आलेलं आणि माळ्यावर गेलेलं. स्वॅपमध्ये दोन जीबी पडून आहेत पण हे रकाने शून्य आहेत, तर काहीच बिघडलेलं नाही. दिवाळीचे कंदील वर्षभर माळ्यावर असतात, त्याने घर लहान होत नाही. ४.२० पासून कर्नलमध्ये आणखी चांगलं मोजमाप आलं आहे. प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरात मेमरी, सीपीयू (प्रोसेसर) आणि आयओ (डिस्कचं वाचणं-लिहिणं) अशा फायली असतात. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांतला किती टक्के वेळ कामं ताटकळत होती, हे त्या सांगतात. मेमरीच्या फाइलीत सगळे आकडे शून्याजवळ असतील तर मेमरीच्या चावीला हात लावण्यात अर्थ नाही.

मेमरीचा आणखी एक प्रकार समजून घेण्यासारखा आहे. लग्नाच्या पत्रिका पाचशे वाटतात आणि जेवणाची पानं साडेतीनशे धरतात, कारण सगळे येत नाहीत. प्रोग्रामही मेमरी मागतात भरपूर, वापरतात थोडी. म्हणून कर्नल जेवढी आहे त्याहून जास्तीचं आश्वासन देतं. हा ओव्हरकमिट. व्हीएम.ओव्हरकमिट मेमरी ० असेल तर अंदाजाने, अगदीच अवाच्या सवा मागणी नाकारायची. १ असेल तर कोणालाच नाही म्हणायचं नाही. २ असेल तर हिशेबाबाहेर एक पानही द्यायचं नाही. आता गंमत बघा. रेडिस या डेटाबेसचे कर्ते म्हणतात १ ठेवा. कारण डेटा डिस्कवर साठवताना रेडिस स्वतःची जुळी प्रत उभी करतो. कागदावर ती दुप्पट मेमरी दिसते, प्रत्यक्षात बहुतेक पानं दोघांत सामाईक असतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची कागदपत्रं म्हणतात २ ठेवा, कारण एकदम मारलं जाण्यापेक्षा ‘मेमरी नाही’ असं वेळेवर कळलेलं डेटाबेसला सोसतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘सर्व्हरसाठी सर्वोत्तम सेटिंग्ज’ अशी यादी जशीच्या तशी चिकटवू नका म्हणून मी कळकळीने सांगतो ते यासाठी. यादी लिहिणाऱ्याच्या मशीनवर कोणता डेटाबेस होता हे त्या यादीत नसतं.

सगळे पाहुणे खरंच आले आणि पानं संपली, तर कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर उठतो आणि एका प्रोग्रामला मारतो. सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला, म्हणजे नेमक्या तुमच्या डेटाबेसला. प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, ओओएम स्कोअर ॲडजस्ट नावाचा आकडा असतो, उणे १००० पासून अधिक १००० पर्यंत. उणे १००० म्हणजे याला हात लावायचा नाही. हे कवच दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचसारख्या एखाद्याच सेवेला असावं. सगळ्यांनाच दिलं तर मारायला कोणी उरत नाही आणि कर्नल स्वतःच पॅनिकमध्ये जातं, म्हणजे थांबून जातं.

माझी एक चूक सांगतो, कारण सावरण्याचा धडा मला तिथे मिळाला. ८ जीबी रॅमच्या एका मशीनवर पोस्टग्रेससाठी ह्यूज पेजेस (मोठ्या मापाची पानं) राखून ठेवायची होती. मनात चार जीबी होते, म्हणून व्हीएम.एनआर ह्यूजपेजेसला ४०९६ दिलं. तो आकडा एमबीचा नव्हता, पानांचा होता, आणि एक पान २ एमबीचं. म्हणजे मी आठच्या आठ जीबी मागितले होते. मशीन चालू असताना रॅम तुकड्यांत वापरात होती, त्यामुळे कर्नलला जमली तेवढीच पानं त्याने राखली. एररही आली नाही आणि मी निश्चिंत झालो. काही दिवसांनी रीबूट केलं. बूटच्या वेळी रॅम मोकळी असते, कर्नलने जवळजवळ सगळी राखून टाकली आणि बाकीच्या सेवा एकेक करून मरायला लागल्या. लॉगिनपर्यंत पोचताच येईना. शेवटी लाइव्ह (स्वतःचं लिनक्स असलेल्या) पेन ड्राइव्हवरून बूट केलं, डिस्क माउंट केली, ती फाइल दुसरीकडे हलवली, तेव्हा मशीन उठलं. तेव्हापासून माझा नेम आहे: बदल आधी तात्पुरता, मग सिसकंट्रोलने आकडा परत वाचून पाहायचा की मागितलं तेवढं मिळालं का, मग कायमच्या फाइलीत, आणि लगेच माझ्या डोळ्यांसमोर एक रीबूट. कायमच्या फाइलीतली चूक पुढच्या बूटपर्यंत दडून बसते, आणि तो बूट लाईट जाऊन रात्री तीन वाजता झाला तर तुम्ही तिथे नसता.

सावरण्याच्या चाव्यांपैकी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कर्नल.पॅनिक. कर्नलला स्वतःत अशी गडबड सापडली की पुढे जाणं धोक्याचं, तर ते थांबतं. हाच पॅनिक. डिफॉल्ट ० म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवून कायमचं थांबून राहायचं. समोर माणूस असेल तर ठीक, तो फोटो काढेल. पण मशीन दुसऱ्या गावातल्या कपाटात असेल तर कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत सगळं बंद. १० दिलं तर दहा सेकंद थांबून ते स्वतः रीबूट होतं. दूरच्या सर्व्हरवर हे असायलाच हवं. त्याच्या जोडीला केडम्प लावावा. त्यात थोडी रॅम आधीपासून बाजूला काढून तिथे दुसरं छोटं कर्नल तयार बसवलेलं असतं. पहिलं कोसळलं की दुसरं जागं होतं, कोसळलेल्याच्या मेमरीची प्रत डिस्कवर उतरवतं आणि मग रीबूट करतं. नुसतं रीबूट म्हणजे रोगी बरा, पण आजार कोणता ते कोणालाच माहीत नाही.

पॅनिकहून लहान घटनेला ऊप्स म्हणतात. कर्नलचा एखादा भाग चुकतो, ती प्रोसेस मारली जाते, बाकीचं चालत राहतं. कर्नल.पॅनिक ऑन ऊप्स १ केलं तर ऊप्सचाही पॅनिक होतो. लॅपटॉपवर मी ते ० ठेवतो, अर्धवट लिहिलेला लेख सेव्ह करायची संधी तरी मिळते. डेटाबेसच्या मशीनवर १, कारण आतून बिघडलेल्या कर्नलने डेटा लिहीत राहणं बंद पडण्याहून वाईट. यात सुरक्षेचाही धागा आहे. मुद्दाम पुन्हा पुन्हा ऊप्स घडवून कर्नलच्या आतले मोजणीचे आकडे उलटवण्याचे हल्ले शक्य असतात. म्हणून ६.२ कर्नलपासून ऊप्स लिमिट आलं. डिफॉल्ट १०,००० ऊप्स झाले की पॅनिक.

मशीन गोठलं, माउस हलत नाही, तर पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी एक उपाय आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनचं बटण) धरून एस, यू, बी ही अक्षरं क्रमाने, मध्ये थोडं थांबून दाबायची. एस म्हणजे कच्ची वही खतावणीत चढव, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरत्या कर, बी म्हणजे रीबूट. यांच्या आधी आर, ई, आय लावून सहा अक्षरांचा पूर्ण मंत्र बऱ्याच ठिकाणी सांगितलेला असतो. उबुंटूवर मात्र आधीची तीन चालत नाहीत. कारण तिथे कर्नल.सिसआरक्यूचा आकडा १७६ असतो: १२८ म्हणजे रीबूटची परवानगी, ३२ म्हणजे डिस्क वाचण्यापुरत्या करण्याची, १६ म्हणजे एसची, बेरीज १७६. प्रोग्राम मारण्याची परवानगी म्हणजे ६४, ती यात नाही. हवी तर बेरजेत मिळवा. १ दिलं तर सगळंच उघडं. पण मग कीबोर्डापर्यंत पोचणारा कोणीही स्क्रीन लॉक करणारा प्रोग्रामच मारू शकेल. लायब्ररीतल्या सार्वजनिक मशीनवर ते चालणार नाही, घरच्या टेबलावर चालेल.

नेटवर्कच्या चाव्या मोजक्या शब्दांत, कारण बहुतेकांना त्यांची गरज नाही. नव्या कर्नलने डिफॉल्टच सुधारले आहेत. उदाहरणार्थ नेट.कोअर.सोमॅक्सकॉन, म्हणजे दारात किती कनेक्शन्सनी रांगेत उभं राहायचं, ते वर्षानुवर्षं १२८ होतं, ५.४ पासून ४०९६ आहे. जुने लेख वाचून ते १०२४ करणारे आज स्वतःची रांग कमी करून घेतात. लांबच्या आणि गळक्या जोडण्यांवर गूगलचा बीबीआर (डेटा पाठवण्याचा वेग ठरवणारा अल्गोरिदम), जो २०१६ मध्ये ४.९ कर्नलसोबत आला, खरोखर फरक पाडतो, तो करून बघण्यासारखा आहे. आणि टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल हे नाव ज्या यादीत दिसेल ती यादी तिथेच बंद करा. एका आयपी पत्त्यामागे एकच मशीन आहे असं गृहीत धरून ते जुन्या वेळेचे शिक्के असलेले पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) टाकून देत असे. मोबाइल इंटरनेटवर असंख्य लोक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. त्यांची कनेक्शन्स मधूनच, कारण न कळता तुटायची. २०१७ मध्ये ४.१२ कर्नलमधून ते काढूनच टाकलं, पण याद्यांमधून ते अजून गेलेलं नाही.

सुरक्षेत काही चाव्या अशा आहेत की त्यांची किंमत जवळजवळ शून्य. कर्नल.डीमेसेज रिस्ट्रिक्ट १ केलं की कर्नलचा लॉग साध्या युजरला वाचता येत नाही. कर्नल.केपीटीआर रिस्ट्रिक्टने कर्नलच्या आतले पत्ते लपतात. कर्नल प्रत्येक बूटला रॅममध्ये वेगळ्या जागी बसतं ते हल्लेखोराला नेम धरता येऊ नये म्हणून. पत्तेच फायलींतून वाचता आले तर ती मेहनत वाया. २०१२ साली आलेली एफएस.प्रोटेक्टेड सिमलिंक्स आणि हार्डलिंक्स ही दोन्ही बहुतेक ठिकाणी चालू असतात, एकदा तपासून घ्या. तात्पुरत्या फायलींच्या टीएमपी फोल्डरात फसवा दुवा ठेवून रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, प्रोग्रामकडून भलतीच फाइल लिहवून घेण्याची जुनी युक्ती त्यांनी बंद होते.

काहींची मात्र किंमत मोजावी लागते. कर्नल.यामा.पीट्रेस स्कोप १ असेल तर एक प्रोग्राम दुसऱ्या, स्वतः न जन्माला घातलेल्या प्रोग्रामच्या मेमरीत डोकावू शकत नाही. तुमच्या ब्राउझरमधले पासवर्ड त्याच युजरच्या दुसऱ्या प्रोग्रामपासून सुरक्षित. पण प्रोग्रामर मंडळींना चालू प्रोग्रामला डीबगर (चुका शोधायचं साधन) जोडता येत नाही आणि ती वैतागून ० करतात. साध्या युजरला नेमस्पेस (प्रोग्रामला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) तयार करू न देणं हा उपाय सर्व्हरवर उत्तम, कारण कर्नलमधल्या अनेक त्रुटींपर्यंत जायची वाट तिथूनच निघते. डेस्कटॉपवर मात्र क्रोमसारखे ब्राउझर स्वतःच्या संरक्षणाची भिंत याच नेमस्पेसवर उभी करतात. आंधळेपणाने बंद केलं तर एक दार लावताना दुसरी भिंत पाडल्यासारखं होतं.

कर्नल.केएक्झेक लोड डिसेबल्ड ही चावी एकाच दिशेने फिरते. १ केलं की रीबूटपर्यंत परत ० करता येत नाही. रूट मिळवलेल्या हल्लेखोराने चालू कर्नल बदलून दुसरं बसवू नये म्हणून ती आहे. पण केडम्पचं ते राखीव कर्नलही केएक्झेकनेच बसवलं जातं. म्हणजे सुरक्षेची चावी आधी फिरली तर सावरण्याची सोय गेली. केडम्प सेवा उठल्यानंतरच ही फिरवायची, क्रम चुकवायचा नाही.

गेमिंगवाल्या व्हिडिओंमध्ये ‘मिटिगेशन्स=ऑफ’ हा बूट पर्याय सर्रास सुचवतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगासमोर आल्या, त्यांवर कर्नलने घातलेले बांध या एका शब्दाने फुटतात. वेब ब्राउझर उघडणाऱ्या मशीनवर हे करू नये. नव्या प्रोसेसरांत यातलं बरंच काम हार्डवेअरनेच होतं, त्यामुळे मिळणारा वेगही थोडाच असतो.

शिवाय कोणतीही चावी अपडेटची जागा घेऊ शकत नाही. डर्टी काऊ ही त्रुटी २००७ पासून कर्नलमध्ये होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. साध्या युजरला ती थेट रूट बनवत होती. वर सांगितलेली सगळी सेटिंग्ज लावूनही ती थांबली नसती, पॅचनेच थांबली.

चावी प्रथमोपचार म्हणून मात्र कामाला येते. १७ जून २०१९ ला सॅक पॅनिक जाहीर झाला. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी शोधलेली ही त्रुटी. खास रचलेली पॅकेट पाठवून कोणीही दूरवरून लिनक्स सर्व्हरला पॅनिकमध्ये ढकलू शकत होता. २.६.२९ पासूनची सगळी कर्नल त्यात सापडत होती. पॅच आला, पण चालू सर्व्हर लगेच रीबूट करणं सगळ्यांना शक्य नव्हतं. तेव्हा नेट.आयपीव्ही४.टीसीपी सॅक ० करा, असा तात्पुरता उपाय दिला गेला. एका ओळीने दार बंद झालं. सॅक म्हणजे कोणती पॅकेट पोचली आणि कोणती वाटेत गळली हे नेमकं कळवण्याची सोय. ती बंद असली की गळक्या जोडणीवर वेग पडतो. अपडेट होईपर्यंत तेवढं सोसायचं, एवढाच बेत होता.

काही वर्षांनी एका सर्व्हरवरून फायली फार सावकाश येतात म्हणून मला बोलावलं होतं. केबल बदलून झाली होती, राउटर बदलून झाला होता. सिसकंट्रोल.डी मधल्या फाइलीत टीसीपी सॅक=० अशी एकटी ओळ होती. कर्नल केव्हाच नवं झालं होतं. ओळ लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि ती का आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून काढायची कोणाची हिंमत नव्हती. मी ती काढली आणि फाइलीतल्या उरलेल्या प्रत्येक ओळीच्या वर, जेवढी कारणं त्या दिवशी शोधता आली तेवढी, हॅशचं चिन्ह देऊन लिहून ठेवली: कोणी, कधी, कशासाठी, आणि काय झालं की ही ओळ काढायची.